रुजू व्हायचं नाही

‘मागं सरक. दाराच्या तोंडाशी उभं राहू नये,’ अण्णा कुजबुजले. ‘साहेब आत बोलायलेत.’

साहेब बोलत नव्हते, ओरडत होते. जिल्हाधिकारी निगम साहेबांचा आवाज बंद दारातून व्हरांड्यातल्या बाकापर्यंत स्वच्छ येत होता. पालकमंत्र्यांच्या कार्यक्रमात कुठल्याशा आमदाराची खुर्ची दुसऱ्या रांगेत गेली होती, आणि त्यापायी आतल्या माणसाची जी बिनपाण्यानं चालली होती, ती गणित न आलेल्या पोराचीसुद्धा आमच्या शाळेत कुणी केली नसती. मी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बाकावर बसलो. अण्णा दाराशेजारी ताठ उभे. पांढरा कोट, पांढरी पगडी, छातीवरून तिरका गेलेला लाल पट्टा आणि त्यावर घासून लखलखीत केलेला पितळी बिल्ला. माझे वडील भानुदास सोनटक्के कलेक्टर कचेरीचे चोपदार होते. साहेब चालायला लागले की पुढं चालून वाट मोकळी करायची, साहेब बसले की दाराशी उभं राहायचं, ही त्यांची नोकरी. मला कळायला लागल्यापासून मी त्यांना असंच उभं पाहिलं होतं. घरीसुद्धा ते बसले की पाहुण्यासारखे बसायचे.

दार उघडलं आणि लोहगावकर साहेब बाहेर आले. ते निवासी उपजिल्हाधिकारी. कचेरीचा सगळा गाडा ओढणारा माणूस, आणि वय म्हणाल तर निगम साहेबांचे वडील शोभावेत एवढं. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला. मग मी दिसलो तसा त्यांनी चेहरा बदलला.

‘काय रे व्यंकट, आला का आदेश?’

‘आला, साहेब. सोमवारी पुण्याला प्रशिक्षणाला हजर व्हायचंय.’

‘उपजिल्हाधिकारी! शाब्बास रे पठ्ठ्या. आता तू आमच्या बिरादरीतला.’ त्यांनी पुडा स्वतःच सोडला, एक पेढा तोंडात टाकला आणि दुसरा अण्णांपुढं धरला. ‘भानुदास, आता मला सलाम करू नको बाबा. पोरगा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे.’

अण्णांनी पेढा घेतला, पण हसले नाहीत. ते लोहगावकर साहेबांच्या हातातल्या ओल्या रुमालाकडं बघत होते.

मला आत नेलं ते अण्णांनीच. निगम साहेब तेव्हा जेमतेम तेहतीस-चौतीसचे असतील. उत्तरेकडचे, पण मराठी जिद्दीनं शिकलेले. आत्ताच ओरडलेत असं त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. एका हातानं फायलींवर सह्या चालल्या होत्या.

‘भानुदास का लडका? अरे वा! बस, बस.’

मी बसलो. माझे वडील उभे राहिले. त्या क्षणी मला एवढं अवघडल्यासारखं झालं, की पेढ्यांचा पुडा उलटाच पुढं केला.

‘डेप्युटी कलेक्टर? गुड. यूपीएससी दिली नाही?’

‘दिली, सर. मागच्या वर्षी मुलाखतीपर्यंत गेलो होतो. थोडक्यात राहिलं.’

‘मुलाखतीपर्यंत?’ त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. ‘आणि चान्स किती बाकी?’

‘एक.’

‘मग जॉईन कशाला करतो? एकदा खुर्ची मिळाली, गाडी मिळाली, की माणूस पुस्तक उघडत नाही. रुजू होऊ नको. एक वर्ष झोकून दे. तू इकडे बसायचा मुलगा आहेस.’ त्यांनी पेनानं टेबलाच्या आपल्या बाजूला टकटक केलं. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो उचलला, आम्हाला हातानंच ‘या’ म्हणून सांगितलं आणि पुढच्या फाईलवर सही केली.

सगळं मिळून चहाचा कप गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल. बाहेर येताना अण्णांच्या तोंडावर जे तेज होतं ते माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा मी पाहिलं नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते वाक्य गोड लागलं होतं. इकडे बसायचा मुलगा! घरी जाईपर्यंत मी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं.

घरी गल्लीतल्या पोरांनी तोवर फ्लेक्स लावला होता. माझा दहावीचा फोटो कापून कोट घातलेल्या कुणाच्या तरी धडावर बसवला होता आणि खाली हातभर अक्षरांत ‘कलेक्टर’. त्याच्या अगोदरचं ‘डेप्युटी’ शोधायला भिंग लागलं असतं. गल्लीला काय, कलेक्टर आणि डेप्युटी दोघंही लाल दिव्याच्या गाडीतले. आईनं शेजारणींना साखर वाटली होती, माझ्या पुण्याच्या बॅगेत चिवड्याचा डबासुद्धा भरला होता. अण्णांनी सायकल टेकवली, फ्लेक्सकडं बघितलं आणि पोरांना म्हणाले, ‘काढा ते. खोटं लावू नये.’

जेवताना त्यांनी सांगून टाकलं. ‘साहेबांनी सांगितलंय, रुजू व्हायचं नाही.’

आईचा हात भाकरीवरच थांबला. ‘कोणत्या साहेबांनी?’

‘साहेबांनी. कलेक्टर साहेबांनी.’

‘त्यायला काय करायचंय? नोकरी लागली लेकराला!’

मी म्हणालो, ‘अण्णा, रुजू होऊनही परीक्षा देता येते. किती तरी जण देतात. पगारही मिळेल, अभ्यासही होईल.’

‘साहेब काय म्हणले?’

‘अहो, ते सहज बोलले.’

‘साहेब सहज बोलत नसतात.’

इथं कचेरीची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला माझा बाप वेडा वाटेल. कलेक्टरचे निम्मे हुकूम कागदावर येतच नाहीत. साहेब जाता जाता बोलतात आणि खालचे झेलतात. ‘साहेब, नक्की काय म्हणालात?’ असं पुन्हा विचारायची सोय नसते. राजा बोले, दळ हाले. निगम साहेबांच्या आधीच्या साहेबांनी एकदा गाडीत बसता बसता म्हटलं होतं, ‘हे झाड फारच वाढलंय.’ दुसऱ्या दिवशी सकाळी आवारातला जुनापुराणा गुलमोहर आडवा. साहेबांना फांदी छाटायची होती. आठवड्यानं त्यांनी विचारलं, ‘अरे, इथं झाड होतं ना?’ अण्णा ही गोष्ट हसण्यावारी नाही, कौतुकानं सांगायचे. हुकमाची तामिली म्हणजे अशी, म्हणायचे.

त्या रात्री जेवण संपेपर्यंत ते बोलत राहिले. एरवी आठवड्यात बोलायचे नाहीत तेवढं.

‘तू पुस्तकात वाचलं आसशील. म्या डोळ्यानं पाह्यलंय. कालचं पोरगं येतंय दिल्लीहून शिकून, आन पन्नाशीचा डेप्युटी त्याच्यापुढं उठून उभा राहतोय. तहसीलदाराचा डेप्युटी झालेला, डेप्युटीचा अपर कलेक्टर झालेला, समदे त्याच दारातून घामेघूम होऊन भायेर आलेत. लई हुशार मानसं, व्यंकट. कायदा तोंडपाठ. पर कलेक्टर रजेवर गेला तरी चार्ज त्यायला मिळत न्हाई. तो जातो झेडपीच्या पोरसवद्या साहेबाकडं. का, तर तो दिल्लीचा आन हे मुंबईचे.’

‘पण लोहगावकर साहेबांना जिल्हा ओळखतो, अण्णा. लोक त्यांच्याकडं येतात.’

‘येतात की. आन तेच लोहगावकर साहेब बाईसाहेबाच्या भाजीची पिशवी गाडीत ठिवली का म्हणून मला इचारतात.’ त्यांनी ताटात हात धुतला. ‘म्या दाराभायेर उभा राहिलो तेवढं बास हाय. माझं पोरगं दाराच्या आत उभं राहनार न्हाई. आत बसंल.’

त्यांच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझी पंचाईत तीच होती.

दुसऱ्या दिवशी मी सरळ लोहगावकर साहेबांच्या क्वार्टरवर गेलो. ते बनियनवर बसून कुणा म्हातारीच्या जमिनीचे कागद बघत होते. म्हातारी जमिनीवर बसू म्हणत होती आणि ते तिला खुर्चीवर बस म्हणून रागावत होते. माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

‘अरे, तो माणूस आपल्या मोटारीच्या रंगाबद्दल जेवढा विचार करतो तेवढाही त्यानं तुझा केला नाही. बोलून गेला.’

‘मला कळतं, साहेब. अण्णांना कोण सांगणार?’

‘मी सांगतो. चल.’

लोहगावकर साहेब आमच्या दोन खोल्यांत आले. अण्णांनी धावत जाऊन शेजारून खुर्ची आणली, ती पुसली, साहेबांना बसवलं आणि स्वतः उभे राहिले. आपल्या घरात. साहेब ‘बस रे भानुदास’ म्हणून थकले.

‘हे बघ,’ लोहगावकर साहेब म्हणाले, ‘तू रोज ऐकतोस, मी काय काय ऐकून घेतो ते. लपवायचं काय? ते तीन वर्षांत तीन जिल्हे करून मंत्रालयात जातात, मी आहे तिथं आहे. बढतीनं मिळणारं माझं आयएएसचं नामांकन यायचं तेव्हा येईल, नाहीतर यायचंही नाही. जळतं मलाही. पण मागं दुष्काळात टँकर कुठल्या गावाला द्यायचा, हे त्यांना मी सांगितलं होतं. सही त्यांची, पाणी माझं. हे काही कमी नाही रे. पोराला हातचं सोडून पळत्याच्या पाठी लावू नको. रुजू होऊ दे. पुढं काय व्हायचं ते होईल.’

मला वाटलं, जिंकलो. आई तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

अण्णा हात जोडून म्हणाले, ‘साहेब, तुमी बोललात ते खरं हाय. पर मोठ्या साहेबांनी नको म्हणलंय.’

‘मग माझ्या शब्दाला काही किंमत नाही?’

अण्णा ओशाळले. मान खाली घातली. पण उत्तर द्यायचं टाळलं नाही. ‘हाय, साहेब. पर त्यांच्या खाली हाय.’

लोहगावकर साहेबांना चेंबरमध्ये ओरडा खाताना मी ऐकलं होतं. तेव्हा त्यांचा चेहरा एवढा पडला नव्हता. त्यांनी चहा संपवला आणि उठताना म्हणाले, ‘ठीक आहे. ज्यानं नको म्हटलं त्याच्याच तोंडून हो वदवतो. मग तर झालं?’

‘मग काय सवालच न्हाई,’ अण्णा म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले. निगम साहेबांनी ‘हो रुजू’ एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर अण्णांनी मला स्वतःच्या पाठुंगळी मारून पुण्याला नेऊन घातलं असतं.

म्हणजे सगळं त्या दोन शब्दांवर येऊन ठेपलं. शुक्रवारी लोहगावकर साहेब ते शब्द आणायला आत जाणार होते, आणि शुक्रवारी सकाळीच मंत्रालयातून फॅक्स आला. निगम साहेबांची बदली. बढतीवर, मुंबईला, तत्काळ. कचेरीत एकच धावपळ उडाली. आयएएसची बदली म्हणजे लग्नघरच. सामान बांधायला तहसीलदार, ट्रक ठरवायला नायब तहसीलदार, आणि निरोपाचा हार कुठला घ्यायचा यावर दोन डेप्युट्यांची बैठक. लोहगावकर साहेब दिवसभरात चार वेळा आत गेले आणि चारही वेळा दुसरंच काम घेऊन बाहेर आले.

निरोप समारंभ शनिवारी होता. मी तिथं गेलो. सभागृहाच्या बाहेर, जिथं गाडी लागते, तिथंच उभा राहिलो. आत भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. मग अण्णा पुढं, निगम साहेब मागं, आणि त्यांच्या मागं हातात पुष्पगुच्छ घेतलेले लोहगावकर साहेब, अशी ती मिरवणूक पायऱ्या उतरून आली. लोहगावकर साहेबांनी मला डोळ्यानं खूण केली. ये.

मी पुढं झालो. ‘सर, नमस्कार. माझ्या वडिलांना तुम्ही एक शब्द—’

‘अरे, तू! क्या नाव तुझं?’ त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा मूड फार छान होता.

‘व्यंकट, सर. उपजिल्हाधिकारी म्हणून माझी—’

‘हां, हां, हुशार मुलगा.’ ते अण्णांकडं वळले. ‘भानुदास, लडका तेज आहे. लक्ष ठेव त्याच्यावर. सोडू नको.’

‘जी, साहेब,’ अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘सर, एक मिनिट,’ लोहगावकर साहेब घसा खाकरून म्हणाले. ‘या मुलाच्या बाबतीत जरा—’

‘लोहगावकर, चार्ज हँडओव्हरचे कागद संध्याकाळपर्यंत पाठवा. तुमचं नेहमीचं नको, वेळेवर.’

लोहगावकर साहेबांच्या तोंडात आमचं वाक्य होतं. मी ते पाहिलं. ते वाक्य त्यांनी गिळलं आणि म्हणाले, ‘येस सर.’

अण्णांनी दार लावलं. गाडी निघाली. धुरळा खाली बसेपर्यंत अण्णा सलाम करून उभे होते, आणि लोहगावकर साहेबांच्या हातात तो पुष्पगुच्छ तसाच राहून गेला होता. द्यायचा राहिलाच. ते माझ्याकडं न बघता आत गेले.

‘ऐकलंस?’ अण्णा म्हणाले. ‘जाता जातासुदिक तुह्यावर लक्ष ठिव म्हणले.’

‘अण्णा, ते गेले आता. दुसरे साहेब येतील. त्यांना विचारू.’

‘साहेब गेला म्हणून हुकूम जात नसतोय. ज्यानं काढला त्यानंच मागं घ्यावा लागतोय.’ हा नियम त्यांना कुणी शिकवला होता कोण जाणे. पण कचेरी त्याच नियमावर चालते, हे मात्र खरं होतं.

रविवारी दुपारी पुण्याची गाडी होती. मी बॅग घेऊन दाराशी आलो. आई माझ्या बाजूनं उभी राहिली. तिला आयुष्यात मी पहिल्यांदाच अण्णांवर आवाज चढवताना ऐकलं. ‘कचेरीत साहेब आसतील. या घरात म्या हाय. लेकराला जाऊ द्या.’

अण्णांनी अडवलं नाही. खुंटीवरचा लाल पट्टा काढला, त्याची नीट घडी केली आणि माझ्या बॅगेवर ठेवली.

‘जायचं तर जा. जाता जाता हे कचेरीत देऊन जा. साहेबांनी नको म्हणलेलं माह्या घरात झालं, तर उद्या म्या त्या दाराशी कोन्या तोंडानं उभा राहू? दोन वर्सं राह्यलीत पेन्शनीला. ऱ्हाऊ दे. शेतात रोजानं जाईन.’

ते धमकी देत नव्हते. धमकी असती तर मी गेलो असतो. ते खरोखरच सोमवारपासून रोजानं गेले असते.

मी बॅग खाली ठेवली. मनातल्या मनात म्हटलं, नाहीतरी तू इकडे बसायचा मुलगा आहेस. बस. गाडी गेली. लोहगावकर साहेबांनी पुन्हा निरोप धाडला, निदान मुदतवाढ तरी माग. पण अण्णांच्या लेखी मुदतवाढ मागणं म्हणजे रुजू होणंच होतं. काही महिन्यांनी निवड रद्द झाल्याचं पत्र आलं. आईनं ते देवापुढं ठेवलं, का ते तिलाच माहीत.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. एक वर्ष मी झोकून दिलं. पूर्व झाली, मुख्य झाली, दिल्लीत मुलाखत झाली. निकालाची यादी मी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मग राज्यसेवेची वाट पाहिली. जाहिरात यायला एवढा उशीर झाला, की ती आली तेव्हा माझं वय निघून गेलं होतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. ते धुपाटणं घेऊन मी एका ॲकॅडमीत शिकवायला लागलो, आणि आज वीसेक वर्षं शिकवतोय. भिंतीवर माझ्या हाताखालून गेलेल्यांचे फोटो आहेत. दरवर्षी नव्या बॅचला माझं एक ठरलेलं व्याख्यान असतं, ‘केंद्रीय सेवा की राज्यसेवा?’ एकाची नेमणूक राष्ट्रपतींच्या नावानं, दुसऱ्याची राज्यपालांच्या. एकाला सुरुवातीलाच उपविभाग आणि थोड्या वर्षांत जिल्हा. दुसऱ्याला त्या जिल्ह्यापर्यंत पोचायला उभं आयुष्य, तेही नशिबात असेल तर. पोरं भराभरा लिहून घेतात. मध्येच एखादं चुणचुणीत पोरगं विचारतं, ‘सर, तुम्ही का नाही झालात?’ मी म्हणतो, पुढचा मुद्दा लिहा.

लोहगावकर साहेबांना नामांकन मिळालंच नाही. अपर जिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि इथंच घर बांधून राहिले. अजूनही लोक त्यांच्याकडं सातबारा घेऊन येतात. आणि निगम साहेब वर वर चढत जाऊन सचिव झाले, मुदतीआधीच निवृत्ती घेऊन मोकळे झाले, आणि आता देशभर पोरांना मार्गदर्शन करत हिंडतात.

गेल्या वर्षी आमच्या ॲकॅडमीच्या चालकांनी त्यांना आणलं. अण्णांना हे मी सांगणार नव्हतो. पण त्यांनी पेपरात फोटो पाहिला. आई आता नाही. अण्णा ऐंशीच्या पुढं गेलेत, पण डोकं शाबूत, कान तिखट. सकाळपासून धोतर इस्त्री करून बसले होते.

निगम साहेब सभागृहात शिरले आणि अण्णा पहिल्या रांगेतून उठले. कुणी सांगितलं नव्हतं. काठी टेकत त्यांच्या पुढं झाले, डाव्या हातानं पोरांना बाजूला सारत, स्टेजच्या पायरीपर्यंत वाट करून दिली. पोरं हसली. निगम साहेबांनी माझ्याकडं प्रश्नार्थक पाहिलं.

‘आपल्या वेळचे चोपदार, सर. भानुदास.’

‘अच्छा, अच्छा! कोणता जिल्हा?’

‘हाच, सर.’

‘हां, हां. अरे वा.’ त्यांनी अण्णांच्या खांद्यावर थोपटलं आणि वर गेले.

प्रश्नोत्तरं माझ्याकडं होती. माईक माझ्या हातात. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. ‘सर, समजा राज्यसेवेतून डेप्युटी कलेक्टरची पोस्ट मिळाली, आणि यूपीएससीचा एकच चान्स राहिला असेल, तर रुजू व्हावं की नाही?’

निगम साहेब खुर्चीत पुढं सरकले. ‘बेटा, हा प्रश्नच चूक आहे. हातातली पोस्ट कधीच सोडायची नाही. रुजू व्हा, मग परीक्षा द्या. डेप्युटी कलेक्टर हा जिल्ह्याचा कणा असतो, त्याला कमी समजणारा माणूस मूर्ख. मी माझ्या पूर्ण करिअरमध्ये एकाही मुलाला पोस्ट सोड असं सांगितलेलं नाही.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. माईक माझ्या हातात होता, समोर माझी सगळी बॅच होती आणि तोंडात एक वाक्य होतं. चालक विंगेतून माझ्याकडं बघत होते. ते मला पगार देतात.

‘धन्यवाद, सर,’ मी म्हणालो. ‘पुढचा प्रश्न?’

परतताना रिक्षात आम्ही दोघंच होतो. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. मी ठरवलं होतं, विचारायचं नाही. पण राहवलं नाही.

‘ऐकलंत, अण्णा?’

‘ऐकलं.’

‘काय म्हणाले साहेब?’

‘रुजू व्हायला पायजे, म्हणले.’

इतकी वर्षं मी या माणसाकडून एकच गोष्ट मागत आलो होतो, तीही मनातल्या मनात. त्यांनी एकदा फक्त म्हणावं, चुकलं. कुणाचं ते नाही सांगितलं तरी चालेल. ते तोंड उघडतायत हे दिसलं आणि मी त्यांच्याकडं सरकलो.

‘साहेब खरं बोलले,’ अण्णा म्हणाले. ‘तू तव्हा रुजू व्हायला पायजे होतं, व्यंकट. आमी अडानी मानसं. तू तर शिकल्याला होतास.’ आणि मग, रागानं नव्हे, पोराचं वाटोळं झालेल्या बापाच्या साध्या दुःखानं त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘साहेबांचं ऐकायला पायजे होतं तू.’